जुलाब अंगावर काढू नका



आज मी तुमच्याशी एका साध्या दुखण्याविषयी बोलणार आहे. ते दुखणे म्हणजे जुलाब. कोणी त्याला ढाळ म्हणतात, कोणी हगवण म्हणतात. नाव काही असो, हे दुखणे कधीच झाले नाही असा माणूस गावात सापडणार नाही. म्हणूनच त्याचे कोणाला भय वाटत नाही.

लेकराला जुलाब झाले, तर आई त्याला कडेवर घेते आणि तडक दवाखान्यात जाते. हे चांगलेच आहे. पण त्याच घरातल्या बापाला जुलाब झाले तर? तो म्हणतो, "मोठ्या माणसाला काय होतंय? थांबतील दोन दिवसांत." आजी म्हणते, "पोट साफ होतंय, होऊ द्या." आणि आई? ती तर कोणाला सांगतच नाही. यालाच आपण दुखणे अंगावर काढणे म्हणतो.

मोठ्या माणसाचे बहुतेक जुलाब दोन-तीन दिवसांत आपोआप थांबतात, हे खरे आहे. दर वेळी दवाखान्यात धावायला नको. पण काही जुलाब जीव घेतात. कधी कधी तर एका दिवसात घेतात. मग कोणते घरी सांभाळायचे आणि कोणत्या वेळी डॉक्टर गाठायचा? हे ज्याला ओळखता येते, तो स्वतःचा आणि शेजाऱ्याचाही जीव वाचवतो. तेवढेच आज आपण शिकू.

पावसाळा आणि वारी

आपल्या बारामती-इंदापूर भागात या दुखण्याचा एक हंगाम असतो. पहिला पाऊस पडतो. रानातली घाण वाहून ओढ्याला, विहिरीला मिळते. माशा वाढतात. त्याच सुमारास तुकाराम महाराजांची पालखी येते. बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी ती मुक्काम करीत जाते. बेलवाडीला रिंगण होते. लाखो माणसे एका वाटेने चालतात. मिळेल तिथले पाणी पितात.

एके काळी पंढरीच्या यात्रेत पटकीची साथ पसरत असे. पटकी म्हणजेच कॉलरा. यात्रेकरू घरी परतत आणि त्यांच्याबरोबर साथही गावोगाव जाई. लोक घाबरून मरीआईला नवस करीत. तिचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडीत. बिचाऱ्यांना रोगाचे कारण ठाऊक नव्हते. १८८४ साली रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने कलकत्त्यात पटकीच्या जंतूचा पुरावा मिळवला. हा जंतू घाण पाण्यातून आणि उघड्या अन्नातून पोटात जातो. आता तशा मोठ्या साथी राहिल्या नाहीत. पण पटकी अजून पार गेलेली नाही. शिवाय जुलाबाचे दुसरे जंतू पुष्कळ आहेत.

वारी संपते. पुढे साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात. मग बीड आणि नगरकडून ऊसतोड मजूर येतात. फडाच्या कडेला कोप्या पडतात. कालव्याचे किंवा चारीचे पाणी कधी कधी पिण्यात येते. तिथे जुलाब झाले तरी माणूस उसात उतरतो. खाडा पडेल, मुकादम पैसे कापील, ही भीती असते. म्हणून हे बोलणे घरच्यांसाठी आहे, तसेच फडातल्या पाहुण्यांसाठीही आहे.

जुलाबात माणूस कशाने मरतो?

आपण कालव्याखालचे शेतकरी. पाण्याची पाळी येते. आपण दारे धरतो. समजा, वरच्या अंगाला चारी फुटली आणि आपल्याला ते कळलेच नाही. पाणी सोडलेले आहे, पण पिकाला मिळत नाही. ऊस सुकू लागतो. दोष उसाचा नसतो. पाणी वाटेतच निघून जाते.

जुलाबात तसेच होते. आपल्या शरीराचा निम्म्याहून अधिक भाग पाणी आहे. रक्तही पाण्यानेच पातळ राहते. जुलाब लागले की पाणी आणि त्याबरोबर मीठ भराभर बाहेर जाते. उलटी होत असेल तर आणखी जाते. साठ किलो वजनाच्या माणसाचे सहा लिटरच्या आसपास पाणी गेले, तर त्याच्या जिवावर बेतते. रक्त कमी पडते. नाडी जलद आणि क्षीण लागते. मूत्रपिंडे बंद पडतात.

साध्या जुलाबात इतके पाणी जायला वेळ लागतो. पण जोराच्या पटकीत तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. म्हणजे सकाळी औत हाकणारा धट्टाकट्टा गडी संध्याकाळपर्यंत खलास होऊ शकतो.

तेव्हा नुसते जुलाब मोजून भागत नाही. किती पाणी गेले आणि किती आत आले, इकडे लक्ष ठेवले पाहिजे.

पहिल्या जुलाबापासून पाणी भरा

पुष्कळ लोक जुलाब लागले की पाणी तोडतात. "पाणी प्यालं की परत जावं लागतं," असे म्हणतात. बायामाणसांना बाहेर जायची अडचण असते. त्या तर घोटभरसुद्धा पीत नाहीत. ही फार घातक समजूत आहे. पाणी न प्याल्याने जुलाब थांबत नाहीत. शरीर मात्र कोरडे पडते.

१९७१ सालची गोष्ट ऐका. पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, युद्ध पेटले होते. लाखो निर्वासित बंगालमध्ये आले. बनगाव येथे त्यांच्यात पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन अपुरे पडले. माणसे जमिनीवर पडून होती. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मग मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळला. ते पाणी पिंपात भरले. पिंपाला तोटी लावली. नातेवाइकांनी आपल्या माणसाला ते पाजायचे, असे ठरवले. पूर्वी शंभर रोग्यांत तीसच्या आसपास मरत होते. हे पाणी सुरू झाल्यावर तो आकडा चारच्या खाली आला. पुढे साऱ्या जगाने हा उपाय उचलला. २०२३ साली डॉ. महालनोबिस यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

तेच पाणी आज ओआरएसच्या पुडीतून मिळते. आशाताईंकडे आणि सरकारी दवाखान्यात ही पुडी फुकट मिळते.

पुडी घेतली की आधी ती वाचा. आता आपल्याला वाचता येते, ते इथे उपयोगी पडते. मोठी पुडी १ लिटर पाण्यासाठी असते. लहान पुडी २०० मिलिलिटर, म्हणजे एक पेला पाण्यासाठी असते. मोठी पुडी पेलाभर पाण्यात टाकू नका. ते पाणी फार खारट होते आणि अपाय करते. पुडीवरची मुदत पाहा. दुकानात ओआरएस म्हणून गोड सरबताचे डबे विकले जात. २०२५ च्या ऑक्टोबरात केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा सरबतांवर ओआरएस हे नाव घालायला बंदी केली. खऱ्या पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवल्याचे लिहिलेले असते.

पुडी नसली तर घरी करा. १ लिटर उकळून गार केलेले पाणी घ्या. त्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चव घ्या. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा ते खारट लागता कामा नये. पुडीचे असो की घरचे असो, एका दिवसात संपवा. उरलेले फेकून द्या.

दर जुलाबानंतर एक ते दोन पेले प्या. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबा. मग चमच्या-चमच्याने प्या. जोडीला पेज, वरणाचे पाणी, मीठ घातलेले ताक चालते. मऊ भात, खिचडी, केळेही खावे. उपास करू नये. दारू आणि बाटलीतली गोड पेये टाळावीत.

एका कागदावर तीन रकाने

आणखी एक काम करा. कागद घ्या आणि त्यावर तीन रकाने पाडा. पहिल्यात जुलाब, दुसऱ्यात प्यालेले पेले, तिसऱ्यात लघवी. जेव्हा जे होईल तेव्हा वेळ लिहा. रोग्याला ग्लानी असते. त्याच्या ध्यानात राहत नाही. हा कागद डॉक्टरांच्या फार कामाचा असतो. आणि तुम्हालाही तो सांगेल, की आता घरी थांबायचे की निघायचे.

तडक केव्हा निघायचे?

पुढच्यातली एक जरी खूण दिसली, तरी रात्र असो की पाऊस असो, तेव्हाच निघा.

जुलाब तांदळाच्या धुवणासारखे पांढरट आणि पाण्यासारखे धोधो होत आहेत. ही पटकीची खूण आहे.

सहा ते आठ तासांत लघवीच झाली नाही. किंवा झाली ती अगदी थोडी, गडद पिवळी झाली.

उठून बसताच घेरी येते. डोळे खोल गेले आहेत. जीभ कोरडी पडली आहे. हातपाय गार आहेत. पोटऱ्यांत गोळे येतात.

माणूस बरळतो, गुंगीत आहे, हाक मारली तर नीट ओ देत नाही.

उलट्या थांबत नाहीत. पाजलेले पाणी पोटात टिकत नाही.

मळातून पुष्कळ रक्त जाते. किंवा मळ डांबरासारखा काळा आणि चिकट आहे. लोहाच्या गोळ्यांनीही मळ काळा होतो. त्या घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, पण दाखवल्याशिवाय राहू नका.

पोटात सतत असह्य कळ आहे, किंवा पोट फुगून दगडासारखे कडक झाले आहे.

आणखी एक खूण आपल्या भागात विसरून चालणार नाही. इंदापूरकडे डाळिंबाच्या आणि द्राक्षाच्या बागा पुष्कळ आहेत. औषध फवारून आलेल्या माणसाला जुलाब, उलटी, खूप घाम आणि तोंडाला लाळ सुटली, तर ते साधे जुलाब नव्हेत. ती विषबाधा असू शकते. अंगावरचे कपडे काढा, अंग साबणाने धुवा, आणि लगेच दवाखाना गाठा. औषधाची बाटली बरोबर न्या.

त्याच दिवशी केव्हा दाखवायचे?

आता दुसऱ्या प्रकारच्या खुणा ऐका. यांत लगेच पळापळ नको. पण दिवस मावळू देऊ नये.

दिवसभरात सहा किंवा जास्त पातळ जुलाब झाले.

ताप १०२ च्या वर गेला.

मळात रक्त किंवा शेंबूड, म्हणजे आव, पडते आहे.

दोन दिवस झाले तरी जुलाब कमी होत नाहीत.

नुकताच जंतुनाशक गोळ्यांचा कोर्स झाला आहे आणि त्यानंतर जुलाब लागले.

काही माणसांनी मात्र दोन दिवसांची वाटच पाहू नये. म्हातारी माणसे, गरोदर बाई, आणि ज्यांना मधुमेह, रक्तदाब, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे दुखणे आहे ती माणसे. यांचे पाणी थोडे जरी कमी झाले, तरी मूत्रपिंडावर ताण येतो. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या काही गोळ्या अशा वेळी अपाय करतात. काही मात्र चालूच ठेवाव्या लागतात. इन्सुलिन तर मनाने बंद करूच नये. कोणती घ्यायची आणि कोणती थांबवायची, हे डॉक्टर सांगतील. गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या.

म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते. तेव्हा "तहान नाही" असे आजोबा म्हणाले, म्हणून निर्धास्त राहू नका. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडून पाहण्याची एक जुनी रीत आहे. कातडी सावकाश खाली बसली तर पाणी कमी झाले असे समजतात. पण म्हातारपणी कातडी तशीही सैल असते. त्यांच्या बाबतीत लघवीवर आणि शुद्धीवर नजर ठेवा.

रेंगाळणारे जुलाब आणि मागून येणारा त्रास

जुलाब दोन आठवडे रेंगाळले, तर ते बिघडलेले पोट म्हणून सोडून देऊ नका. वजन घटते आहे, झोपेतून उठून जावे लागते, बारीक ताप आहे, तर तपासणी झालीच पाहिजे. आतड्याचा क्षय असू शकतो, दुसरेही काही असू शकते. पन्नाशीच्या आसपास शौचाची नेहमीची सवय एकाएकी बदलली आणि रक्त पडू लागले, तर कर्करोग नाही ना, हे पाहावे लागते. ते लवकर कळले तर उपाय होतो. मूळव्याध आहे असे आपणच ठरवून बसू नये.

आता पुण्यात २०२५ च्या जानेवारीत काय झाले ते सांगतो. सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएस नावाच्या आजाराचे रोगी एकाएकी वाढले. संशयित रोगी दोनशेच्या वर गेले. त्यांतल्या पुष्कळांना आधी जुलाब झाले होते. काहींच्या मळात कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला. हा जंतू घाण पाण्यातून आणि कच्च्या राहिलेल्या कोंबडीतून पोटात जातो. जुलाब बरे होतात, पण क्वचित एखाद्याचे शरीर नंतर आपल्याच शिरांवर उलटते. पायांना मुंग्या येतात. पायांतले बळ जाते. पुढे श्वासही अडतो. हे फार थोड्या लोकांना होते, म्हणून घाबरू नका. पण जुलाबानंतर महिनाभरात पाय लटपटू लागले, जिना चढवेना, गिळता येईना, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक रोगी बरे होतात.

काय करू नये

दुकानातून जुलाब बांधणारी गोळी आणून घेऊ नका. ताप असेल किंवा रक्त पडत असेल, तर ती गोळी घातक आहे. घाण आत कोंडली जाते. शेजाऱ्याच्या उरलेल्या जंतुनाशक गोळ्याही घेऊ नका. पुष्कळ जुलाबांना त्यांचा उपयोग होत नाही.

डॉक्टरांकडे गेल्यावर "बाटली लावा" असा हट्ट धरू नका. सलाईनची बाटली मोठी गोष्ट आहे. ज्याला पिता येत नाही, ज्याचे पाणी फार गेले आहे, त्याचा जीव ती वाचवते. पण ज्याला पिता येते, त्याचे काम पुडीच्या पाण्याने होते. उगाच पैसे कशाला घालवायचे?

कुठे जायचे, काय सांगायचे

गावातल्या आशाताईला आणि आरोग्य सेविकेला आधी कळवा. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आहे, हे दुखणे येण्याआधीच माहीत करून ठेवा. भिगवणला ग्रामीण रुग्णालय आहे. इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. बारामतीला सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. माणूस अत्यवस्थ असेल तर १०८ ला फोन लावा. त्या गाडीचे पैसे पडत नाहीत. वाटेत रोगी शुद्धीवर असेल आणि गिळत असेल, तर घोट घोट पाजत राहा. गुंगीत असेल तर तोंडात पाणी ओतू नका. ते श्वासात जाते.

डॉक्टरांना सांगायचे ते हे. केव्हापासून लागले? किती वेळा झाले? रंग कसा? रक्त आहे का? शेवटची लघवी केव्हा? काय खाल्ले, कुठले पाणी प्याले? घरात आणखी कोणाला आहे का? तुमचा तीन रकान्यांचा कागद पुढे ठेवा. लाजू नका. डॉक्टरांना यात नवे काही नाही.

एका आळीत तीन-चार घरांत एकाच वेळी जुलाब लागले, किंवा लग्नाच्या पंगतीनंतर पुष्कळांना त्रास झाला, तर ते एकट्याचे दुखणे राहिले नाही. ग्रामपंचायतीला आणि आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा. पाण्याच्या टाकीत टीसीएल पावडर पडते का, हे विचारा. नळाची वाहिनी गटारातून फुटली आहे का, ते पाहा. साथ संपेपर्यंत पाणी उकळून प्या. शौचाहून आल्यावर आणि जेवण्याआधी हात साबणाने धुवा. रोग्याची सेवा करणाऱ्याने तर दर वेळी धुवावेत.

ध्यानात ठेवा

१. पहिल्या जुलाबापासून पुडीचे पाणी सुरू करा. पुडी वाचून पाणी मोजा.

२. जुलाब, पेले आणि लघवी कागदावर लिहा.

३. लघवी बंद, घेरी, गुंगी, न थांबणारी उलटी, पुष्कळ रक्त, धुवणासारखे जुलाब, असह्य कळ. यांतले एकही दिसले तर तेव्हाच निघा.

४. सहा जुलाब, मोठा ताप, आव, किंवा दोन दिवस उतार नाही. त्याच दिवशी दाखवा.

५. म्हातारे, गरोदर आणि जुने दुखणेकरी यांनी वाट पाहू नये.

६. ऊसतोडीला आलेल्या टोळीतही ही माहिती सांगा.

मंडळी, दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते, असे आपण म्हणतो. हे दुखणे मात्र घोड्याच्या पावलाने येऊ शकते. त्याच्यापुढे राहायचे तर पेला हातात हवा आणि खुणा डोक्यात हव्यात. घराचा कर्ता पुरुष आणि घराची लक्ष्मी, दोघांचाही जीव लेकराच्या जिवाइतकाच मोलाचा आहे. एका दिवसाचा खाडा पडला तर तो पुढे भरून काढता येतो. गेलेला माणूस परत येत नाही.

आज घरी गेल्यावर एवढे करा. वर सांगितलेल्या खुणा एका कागदावर आपल्या हाताने लिहा. खाली १०८ हा आकडा मोठा लिहा. तो कागद चुलीजवळच्या भिंतीला लावा. आणि ज्याला अजून वाचता येत नाही, त्याला तो वाचून दाखवा.